नापास व्हायची लायकी

आमच्या डीनबाईंना ‘सुरळीत’ हा शब्द फार म्हणजे फारच आवडतो. जांभळ्या टी-शर्टांवर त्यांनी तो छापून घेतला, कॉफीच्या मगांवर घेतला आणि माझ्या दारावर पाटीच ठोकली: ‘सुरळीत वाट’. त्या पाटीच्या आत मी बसते. मी ग्रासा बोर्बा. इथे सगळे ग्रेस म्हणतात, कारण माझं खरं नाव घ्यायला त्यांची जीभ वळत नाही. माझं काम असं, की आमच्या दोन वर्षांच्या कॉलेजातली पोरं कालव्यापलीकडच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला नीट जाऊन बसावीत. मधे आहे काय, तर एक कालवा. त्यातलं पाणी बिनबोभाट बदामांच्या बागांपर्यंत जातं. पोरांच्या नशिबी ते नाही.

आमच्याकडे कोणीही येतं. ज्यांना चार वर्षांचं विद्यापीठ परवडत नाही, ज्यांना शाळेत कोणी धड वाटेला लावलं नाही, ज्यांना घर सोडता येत नाही, ते सगळे. दोन वर्षं इथे काढायची आणि उरलेली दोन पलीकडे. कागदावर इतकं सोपं, की मला पगार कशाचा देतात असं कुणालाही वाटावं.

शमीरान योनान ही तर माझ्याकडे आलेली सगळ्यात बिनघोर पोरगी. आमच्या गावात मध्यपूर्वेतून येऊन राहिलेल्या असिरियन लोकांची वस्ती जुनी, त्यातलं हे घर. बाप ट्रक चालवतो, आई बेकरीत असते, धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा. त्या भावामुळे हिने लहानपणीच ठरवलं, की आपण बहिऱ्या मुलांना ऐकायला-बोलायला शिकवायचं. विद्यापीठात त्याचा एक विभाग आहे. शरद ऋतूत एकदाच प्रवेश देतात, जागा मोजक्या, आणि त्यातली एक शमीरानला मिळाली. बातमी कळली त्या दिवशी तिची आई घरी केलेल्या काद्यांनी भरलेला डबा घेऊन आली. काद्या म्हणजे लोण्याच्या गोड पोळ्या. मी आठवडाभर दुसरं काही खाल्लं नाही.

बापाचं मात्र स्पष्ट होतं. “यंदा गेली तर गेली. नाहीतर काकाच्या ऑफिसात बसायचं, ट्रकवाल्यांचे फोन घ्यायचे,” असं त्याने माझ्यासमोरच सांगितलं. माणूस वाईट नाही. हायवे नव्व्याण्णववर उभा जन्म गेला त्याचा, पाठ कामातून गेलीय. पोरीच्या शिक्षणासाठी आणखी एक वर्ष रेटायचं त्याच्या अंगात उरलं नव्हतं, एवढंच.

आणि मग एप्रिलमध्ये विद्यापीठाकडून शमीरानला निरोप आला. ‘आपला संख्याशास्त्राचा विषय आढळला नाही. उन्हाळ्याअखेर पूर्ण करावा, अन्यथा प्रवेश रद्द समजावा.’

शमीरान फोन हातात धरून माझ्या दारात उभी. “मॅडम, आढळला नाही म्हणजे काय? ए आहे मला त्यात. हाल्वर्सन सरांचा ए!”

हाल्वर्सन सरांचा ए ही काय चीज आहे, ते आमच्या कॉलेजातल्या माणसालाच कळेल. एल्डन हाल्वर्सन सर. पांढरे केस, शर्टाची वरपर्यंत लावलेली बटणं, आणि गुणांच्या बाबतीत देवालाही सवलत न देणारा माणूस. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. मला सी मिळाला होता, तर माझ्या आईने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. त्या माणसाने शमीरानला ए दिला होता, आणि वर वर्गात म्हणाले होते, “ही उत्तरपत्रिका बघून ठेवा. पुन्हा दिसायची नाही.”

“घाबरू नकोस गं,” मी म्हटलं. “काहीतरी टायपायची चूक असेल. एक फोन करते.”

एक फोन म्हणे! मी तरी किती भाबडी.

झालं होतं असं, की पोरांना सोपं जावं म्हणून वरूनच ठरलं होतं, सगळ्या कॉलेजांनी आपापल्या विषयांना एकच नंबर द्यायचा. एकाच विषयाला इथे एक नाव आणि तिथे दुसरं, हा घोळ नको. ठरवलं ते चांगलंच. त्याप्रमाणे आमचं ‘गणित तेरा’ होतं त्याचं ‘संख्याशास्त्र हजार’ झालं. विद्यापीठात कुणीतरी उत्साही माणसाने नवे नंबर कॉम्प्युटरमध्ये भरले, आणि घर आवरताना करतात तसे जुने सगळे काढून टाकले. शमीरान पास झाली होती ‘गणित तेरा’मध्ये.

पलीकडून एक अत्यंत गोड आवाजाचा मुलगा बोलत होता. “तो विषय आमच्या यादीत नाही, मॅडम.”

“अहो, तोच विषय आहे. फक्त नंबर बदललाय.”

“नंबर वेगळा म्हणजे विषय वेगळा.”

“पुस्तक तेच, मास्तर तेच, अहो, खोलीसुद्धा तीच!”

“खोलीचा आम्ही विचार करत नाही, मॅडम.”

मी फोन ठेवला आणि माझ्या घरच्या पोर्तुगीजमध्ये दोन शब्द बोलले, ते इथे सांगण्यासारखे नाहीत. मग शमीरानला म्हटलं, “ठीक आहे, उन्हाळ्यात नव्या नंबराने पुन्हा घेऊन टाक. डोळे मिटून पास होशील.” तिची तयारी होती. उन्हाळ्याच्या वर्गाला हाल्वर्सन सरच होते. ती तिथल्या तिथे नाव नोंदवायला गेली आणि तशीच परत आली.

“घेता येत नाही म्हणतात. एकदा पास झालेला विषय पुन्हा घेऊ देत नाहीत.”

मग मी स्वतः गेले. आमच्या नोंदणीच्या खिडकीत वॉल्टर बसतो, माझ्याबरोबर शाळेत होता. “वॉल्टर, राजा,” मी म्हटलं, “नंबर वेगळा आहे रे.”

“ग्रेस, नंबर बदलला म्हणून विषय थोडाच बदलतो?” वॉल्टर म्हणाला. “पुस्तक तेच, मास्तर तेच.”

“खोलीसुद्धा तीच,” मी म्हटलं.

“तेच तर सांगतोय मी!”

आता बोला. कालव्याच्या अलीकडे तो एकच विषय, म्हणून पुन्हा घ्यायचा नाही. पलीकडे ते दोन विषय, म्हणून पुन्हा घेतल्याशिवाय चालायचं नाही. दोघांकडे नियम होता, दोघं आपापल्या जागी बरोबर होते, आणि मधे पोरगी लटकलेली. चुकलेल्या माणसाशी भांडता तरी येतं हो. बरोबर असलेल्या माणसाचं काय करायचं?

मी दर सोमवारी विद्यापीठाला खरमरीत ईमेल टाकायला सुरुवात केली. ‘जुने नंबर आपल्या यादीत पुन्हा घालावेत, ही नम्र विनंती.’ नम्र हा शब्द मी दात ओठ खाऊन लिहीत असे. उत्तर यायचं ते ठरलेलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

शमीरानसारखी आणखी बरीच अडकली होती, आणि पोरं काही स्वस्थ बसत नाहीत. आमच्या कॉम्प्युटरला शेजारच्या गावच्या कॉलेजातलं काही दिसत नाही आणि त्यांच्या कॉम्प्युटरला आमच्याकडचं, हे त्यांनी बरोब्बर हेरलं. आमची अडलेली पोरं तिकडे गेली आणि तिकडची अडलेली आमच्याकडे आली, आपण आधीच पास झालेल्या विषयात पुन्हा पास व्हायला. शमीरानला हे उमगेपर्यंत तिकडच्या सगळ्या जागा आमच्याच पोरांनी भरल्या होत्या. ऑनलाइनवर तर धाड पडलेली. सरळमार्गी पोरगी ती. नियम काय म्हणतो ते वाचत बसली, तोवर बाकीचे पसार.

आता निनोसबद्दल सांगायला हवं. हा शमीरानचा चुलतभाऊ, ट्रकवाल्या काकाचा मुलगा. गोरागोमटा, हसरा, आणि आळशी तर असा, की जांभई द्यायचाही कंटाळा करील. शमीरानबरोबर तोही ‘गणित तेरा’ला बसला होता आणि सणसणीत नापास झाला, कारण त्या मोसमात त्यांच्या नात्यात लग्नं फार होती. नापास, म्हणून त्याला विषय पुन्हा घ्यायला मुभा. पुन्हा घेतला तेव्हा नंबर नवा झालेला. शमीरानने रोज संध्याकाळी त्याला समोर बसवून शिकवलं आणि गडी सीवर पास झाला. विद्यापीठाच्या कॉम्प्युटरने त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. व्यवस्थापनाच्या विभागात प्रवेश पक्का, एक शंका नाही, एक प्रश्न नाही. डीनबाईंना पोस्टरसाठी विद्यार्थी हवाच होता. ज्याच्या वाटेत एकही अडथळा आला नाही असा शोधला तर निनोस निघाला. जांभळ्या टी-शर्टात दात काढून हसणारा त्याचा फोटो माझ्याच दाराशेजारी लागला.

त्या दिवशी दोघं माझ्या खोलीत होती. शमीरान खिडकीशी, तोंड सुजलेलं. निनोस खुर्चीत पसरलेला, माझ्या डब्यातले बदाम खातोय.

“मला कळतच नाही,” तो म्हणाला. “एवढं काय त्यात? नापास हो ना मग!”

“गप रे, गाढवा,” शमीरान म्हणाली.

“अगं, खरंच. मी नापास झालो म्हणून सुटलो. तू पास झालीस म्हणून अडकलीस. चूक तुझीच आहे.” आणि हसला.

मीही हसले. शमीरान हसली नाही. ती हळूच वळली आणि मला म्हणाली, “मॅडम, सरांनी श्रेणी बदलली तर?”

“कोणती श्रेणी?”

“माझी. सरांना त्यांची चूक दुरुस्त करता येते ना? मोजण्यात चूक झाली, असं कळवलं तर ए चा एफ होईल. मग मी नापास. मग उन्हाळ्याचा वर्ग घेऊ देतील. तिथे पास झाले की जुना एफ कुणी धरत नाही. निनोसचा धरला का?”

निनोस खायचा थांबला. “शमो, मी गंमत केली होती.”

मी तिला वेड्यात काढायला हवं होतं. पण बरोबर होतं की हो ते! सगळ्या नियमांतून जाणारी एकच वाट होती, आणि तिच्या तोंडाशी पाटी होती, फक्त नापासांसाठी. आम्ही तिघं उठलो आणि सरांच्या खोलीकडे निघालो.

सर फळा पुसत होते. शमीरानला बघून चेहरा उजळला. आम्ही का आलोय ते मी सांगायला लागले तसा तो उजेड हळूहळू गेला. सगळं ऐकून घेतलं, डस्टर खाली ठेवलं.

“मी हिला नापास करू?”

“हो, सर.”

“हिला?”

“कागदावर फक्त, सर.”

“कागदावरच तर मी पास करतो, ग्रेस! कपाळावर शिक्का मारतो का?” असा आवाज चढवला, की बाहेरून जाणारी पोरं थबकली. “आजवर मी फुकट ए दिला नाही. आयांनी रडून दाखवलं, फुटबॉलच्या कोचने धमक्या दिल्या, नाही दिला. आता फुकट एफ देऊ? नापास व्हायलासुद्धा काही करावं लागतं! हा बघ, हा नापास झाला,” निनोसकडे बोट दाखवून, “मनापासून झाला! रीतसर झाला! एकही प्रश्न त्याने सोडला नाही, सगळे चुकवले! आणि शमीरान, तुझी काय लायकी आहे नापास व्हायची?”

निनोसने मान खाली घातली. आपलं कौतुक चाललंय की काय, ते त्याला समजेना.

सरांनी कपाट उघडलं आणि तिची जुनी उत्तरपत्रिकाच काढली. टेबलावर पसरून चष्मा लावून एकेक ओळ बघायला लागले. मला आधी कळेना काय चाललंय. मग कळलं: चूक शोधत होते. एखादी तरी खरी चूक सापडली, तर तेवढ्याच्या आधाराने ते सही करू शकले असते. शेवटच्या पानापर्यंत गेले, परत पहिल्यापासून आले. मग चष्मा काढला.

“काही नाही,” म्हणाले. असे हरलेले सर मी कधी पाहिले नव्हते.

शमीरान पुढे झाली. रडली नाही, विनवणी केली नाही. “सर, तुमचा ए मिळाला तेव्हा माझ्या बाबांनी ट्रक रस्त्याच्या कडेला घेऊन मला परत फोन केला होता. मला तो सोडवत नाही. पण तुमचा ए मला पलीकडे नेत नाहीये, सर. तुमचा एफ नेईल. मी उन्हाळ्यात तुमच्याच वर्गात बसते आणि पुन्हा मिळवते.”

“मिळवशीलच तू,” सर म्हणाले. “तोच तर वैताग आहे.”

आणि कॉम्प्युटर उघडला. ‘बदलाचे कारण’ असं विचारत होता तो. सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग एका बोटाने टायपलं: शिक्षकाची चूक. तो शुक्रवार होता. दुपारी वॉल्टरने शमीरानला नापास विद्यार्थिनी म्हणून सन्मानाने वर्गात घेतलं, आणि बाहेर येऊन निनोसने तिला मिठी मारली. “ये, आमच्यात ये,” म्हणाला. त्या वेळी मात्र ती हसली. मलाही हलकं वाटलं. घरी जाताना मी गाडीत गाणं म्हटलं.

सोमवारी सकाळी ऑफिसात आले आणि ईमेल उघडली.

‘कळविण्यास आनंद होतो, की जुन्या नंबराने हा विषय उत्तीर्ण झालेल्या सर्व विद्यार्थ्यांचा विषय आजपासून ग्राह्य धरण्यात येत आहे. याबाबत सातत्याने पाठपुरावा केल्याबद्दल श्रीमती ग्रासा बोर्बा यांचे विशेष आभार.’

उत्तीर्ण झालेल्या. सर्व. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि शमीरानची नोंद उघडून बघितली: एफ.

तरी मी मनाला समजावलं, असू दे, वर्ग तर आहे. आता नव्या नंबराने पास होईल, बिघडलं कुठे? पण त्या वर्गात शेजारच्या कॉलेजची पोरं होती ना, पुन्हा पास व्हायला आलेली? त्यांनाही ती ईमेल गेली होती. दुपारपर्यंत पाखरं उडावीत तशी सगळी उडाली. वर्गात उरली शमीरान, एक पेंगणारा मुलगा आणि एक बाई, जिला वाटत होतं की हा मातीकामाचा वर्ग आहे. एवढ्यांसाठी कॉलेज वर्ग चालवत नाही. संध्याकाळच्या आत वर्ग रद्द.

शमीरान आली ती दार लावूनच बोलली. “मॅडम, मी आता जुन्यात नापास आहे आणि नव्यात नाहीच आहे.”

“हो गं.”

“गुरुवारपर्यंत मी पास होते.”

“हो.”

“मी काहीच केलं नसतं तर?”

दोन महिने मी त्या विद्यापीठाच्या मागे हात धुऊन लागले होते, आणि माझ्या मागे लागण्याला यश आलं ते ही पोरगी नापास झाल्याच्या नेमकं दुसऱ्या दिवशी, म्हणजे मधल्या सुट्ट्या सोडल्या तर दुसऱ्याच दिवशी. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. काउन्सेलरने विद्यार्थ्यासमोर रडू नये असं आम्हाला शिकवलंय. शमीरान उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मग म्हणाली, “चला. सरांकडे.” आवाजात पहिल्यांदाच राग होता, आणि तो कुणावर काढावा हे तिलाही माहीत नव्हतं.

सरांनी सगळं ऐकलं. “म्हणजे मला पुन्हा चूक झाली म्हणायचंय,” एवढंच म्हणाले.

पण चुकीची दुरुस्ती शिक्षकाला एकट्याला करता येते, दुरुस्तीची दुरुस्ती नाही. त्यासाठी डीनबाईंसमोर जावं लागतं. सर आणि मी गेलो. डीन प्रेंटिस बाई टापटीप, प्रेमळ, टेबलावर ‘सुरळीत’चा मग. त्यांनी स्क्रीनवर बघितलं, सरांकडे बघितलं.

“हाल्वर्सन, माझा जरा गोंधळ होतोय. आधी ए. मग तुम्ही म्हणालात, शिक्षकाची चूक, एफ. आता म्हणताय ए. ए आणि एफमध्ये थोडं अंतर असतं ना?” आवाज अगदी मऊ. “कुणी दबाव आणला का तुमच्यावर? मुलीने? घरच्यांनी? तसं असेल तर मला चौकशी लावावी लागेल. ती होईपर्यंत अर्थात तिचा प्रवेश थांबेल.”

माझ्या जिभेवर सगळं आलं. म्हणावंसं वाटलं, बाई, दबाव तुमच्या नंबरांनी आणला. पण खरं सांगितलं, की जाणूनबुजून खोटी श्रेणी भरली हे सिद्ध. मग आम्हा दोघांचं होईल ते होवो, पोरगी तर कायमचीच बुडाली. तरी मी तोंड उघडलं. “डीनबाई, खरं म्हणजे...”

“ग्रेस, गप्प बस,” सर म्हणाले. वर्गात म्हणायचे तसंच, आणि मी वर्गात बसायची तशीच गप्प बसले.

“कुणाचा दबाव नाही,” ते डीनबाईंना म्हणाले. “मी म्हातारा झालोय. कुणाचे गुण कुणाला लागले, कळलं नाही. पहिल्यांदा दिलं ते बरोबर होतं. मधलं माझं चुकलं. हल्ली चुकतं माझं.”

वरपर्यंत बटणं लावलेला तो माणूस हे म्हणत होता. मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

डीनबाईंचा चेहरा इतका हळवा झाला, की बघवेना. उठून आल्या, सरांच्या हातावर हात ठेवला. “तुम्ही हे मोकळेपणाने सांगितलंत, याचं मला फार कौतुक वाटतं,” म्हणाल्या. आणि तिथल्या तिथे शमीरानचा ए परत केला. त्याच दमात संख्याशास्त्राचे वर्ग सरांकडून काढून एका तरुण मुलाला दिले, ‘तुमच्यावरचा भार कमी व्हावा म्हणून’. आणि एका कार्यशाळेत त्यांचं नाव घातलं: ‘गुण कसे द्यावेत, नव्या शिक्षकांसाठी.’

बाहेर आल्यावर मी सरांना म्हटलं, “सर, हे बरोबर नाही. मी जाऊन सांगते सगळं.”

“मुलगी गेली का पलीकडे?”

“जाईल आता.”

“मग तू तुझं काम कर,” म्हणाले आणि गाडीच्या किल्ल्या शोधायला लागले.

ऑगस्टमध्ये शमीरान गेली. जायच्या आधी सरांना भेटायला आली, पण त्यांनी तिला दारातूनच हाकललं. “अभ्यासाला लाग, इथे काय काम आहे तुझं?” म्हणाले. तिला बाकीचं काही माहीत नव्हतं, त्यांनी मला सांगू दिलं नव्हतं. डीनबाईंच्या अहवालात तिचं प्रकरण ‘सुरळीत’ या सदरात मोडलं. निनोसचंही.

कार्यशाळेला आम्हा काउन्सेलरांनाही बसवलं होतं, नव्या शिक्षकांची ओळख व्हावी म्हणून. सगळे कोवळे चेहरे, गोलात मांडलेल्या खुर्च्या, आणि त्यात हाल्वर्सन सर, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेले. शिकवायला आलेली मुलगी हसतमुख होती. म्हणाली, “आपण आधी मन मोकळं करू या. प्रत्येकाने सांगायचं, गुण देताना माझं काय चुकलं. इथे कुणी कुणाला हसणार नाही.”

एकाने सांगितलं, मी फार कडक वागलो. एकीने सांगितलं, मला मुलांची दया येते. मग सरांची पाळी आली. ते उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती, बाकीचे बसूनच बोलले होते.

“मी एका मुलीला ए दिला,” सर म्हणाले. “दोनदा.”

शिकवणाऱ्या मुलीने समजूतदारपणे मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं, आणि पुढच्या खुर्चीकडे वळली.